कॉलर दिसली पायजे

आमच्या डॉक्टरांच्या शर्टाची कॉलर मानेला टेकलेली मी कधी पाहिली नाही. अंगाने किडकिडीत माणूस, मान लांब आणि बारीक, आणि तिच्याभोवती कॉलर अशी ऐसपैस, की वरून पेन सोडलं तर थेट पोटापर्यंत जावं. पहिल्या दिवशी मला वाटलं, थोरल्या भावाचे शर्ट वापरत असतील. पण हाडांच्या विभागातल्या सर्जनवर अशी पाळी का यावी, हे काही कळेना. विचारायची सोय नव्हती. त्या कॉलरचं कारण कळायला मला तीन वर्षं लागली.

मी मूळची पुण्याची. मुंबईला फिजिओथेरपी शिकले, लग्न झालं, आणि नवऱ्याला विमानांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून बंगलोरला आले. साठ सालच्या आसपासची गोष्ट. तेव्हा आमच्या क्वार्टर्सच्या पलीकडे रागीची शेतं होती. त्यावर पुढे इंदिरानगर झालं. मला एका मोठ्या इस्पितळात काम मिळालं. रुजू व्हायला गेले, तेव्हा हे डॉक्टर व्हरांड्यात उभे होते. मी नमस्कार केला.

"नमस्कार. स्वल्प पाठ फिरवा," ते म्हणाले.

अनोळखी पुरुषाने पहिल्याच भेटीत पाठ फिरवायला सांगितलेलं मला कसं वाटलं असेल, ते सांगायला नको. पण सरकारी नोकरी होती. फिरवली. त्यांनी कोटाच्या खिशातून गवंड्याचा पितळी ओळंबा काढला, चार पावलं मागे गेले, एक डोळा मिटून दोरी हवेत धरली आणि म्हणाले, "डावा खांदा स्वल्प खाली. पिशवी डाव्या हातात धरता?"

"धरते."

"उद्यापासून उजव्या हातात धरा. सरी, ठीक. नाव काय तुमचं, अक्का?"

ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठीच बोलत, पण त्यात कन्नड इतकं मुरलेलं, की मला सुरुवातीला अर्धं कळायचं आणि उरलेलं ओळखावं लागायचं. मी एकदा त्यांचं मराठी सुधारायला गेले. ते म्हणाले, "अक्का, तुमचं मराठी पुस्तकातलं, आमचं ताटातलं. तुमचं जपून ठेवा, आमचं जेवू द्या." पुन्हा मी त्या वाटेला गेले नाही.

इस्पितळात त्यांना सगळे 'ओळंबा डॉक्टर' म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. लग्नाला गेले तरी ओळंबा खिशात. एकदा एका लग्नात पंगतीला वाढणाऱ्या आचाऱ्याकडे बघत राहिले, पानातला भात निवला, आणि मग मला म्हणाले, "हा वाढतं."

मला वाटलं, भात वाढतोय असं म्हणताहेत. ते आचाऱ्याच्या पाठीबद्दल बोलत होते.

मोठ्या माणसांच्या वाकड्या पाठींच्या त्यांनी तीन जाती केल्या होत्या. राहतं वाकडं, वाढतं वाकडं आणि पाडतं वाकडं, म्हणजे माणसाचा तोल आणि काम दोन्ही सोडवणारं. पुस्तकात तेव्हा अंश मोजायला सांगत: एक्स-रेवर दोन रेघा मारा, कोन काढा, कोन मोठा तर दुखणं मोठं. डॉक्टर कोन काढत, पण तो कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहीत. त्यांचा भर तीन गोष्टींवर असे. आज पाठ कशी आहे त्यापेक्षा पाच वर्षांपूर्वी कशी होती. मानेच्या मणक्यापासून सोडलेला ओळंबा माकडहाडावर पडतो की दुसरीकडेच. आणि तिसरी गोष्ट म्हणजे एक प्रश्न. तो विचारताना ते खुर्ची पुढे ओढून बसत.

"काय करायचं सुटलं तुमचं?"

दुखतं किती, असं ते आधी विचारत नसत. काय सुटलं, हे विचारत. कोणाची देवळाची फेरी सुटलेली असे, कोणाची सायकल. कोणी म्हणे, काहीच सुटलं नाही. मग डॉक्टर खूश होत आणि त्याला घरी पाठवून देत. राहत्या वाकड्याला हात लावायचा नाही. वाढत्याला व्यायाम, पट्टा आणि दर सहा महिन्यांनी ओळंबा. पाडत्या वाकड्याचा तेवढा सुरीशी संबंध, आणि तोही दहा वेळा विचार करून.

एक्स-रे आडवं झोपवून काढायची तेव्हा सगळीकडे रीत होती. हे मात्र माणसाला उभं करायचे, आणि तेही कुशीकडून. "झोपलेल्या माणसाचा तोल बघायचा? तो कुठं पडणार?" असं म्हणून एक्स-रेवाल्याशी रोज भांडण. उभं राहायचं म्हटलं की पेशंट चोरी करतात. आपण ताठ दिसावं म्हणून नकळत गुडघे वाकवतात, त्याने कंबर मागे जाते आणि वाकलेला माणूस सरळ दिसू लागतो. म्हणून डॉक्टर एक्स-रेच्या खोलीच्या दारात उभे राहून ओरडत, "गुडघे!" दिवसातून वीस वेळा ती आरोळी व्हरांड्यात घुमे. फाटकावरच्या चहावाल्यापर्यंत ऐकू जाई, आणि तोही हसत ओरडे, "गुडघे!"

एका कॉलेजच्या प्रिन्सिपलांची बायको आली होती. एक्स-रेच्या फोटोत पाठ नदीसारखी दोनदा वळलेली. प्रिन्सिपलसाहेबांना ऑपरेशन हवंच होतं. विभागाचे मुख्य, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणत असू, तेही तयार होते. डॉक्टरांनी ओळंबा सोडला. तो बरोबर मधोमध पडला. बाईंचा वीस वर्षांपूर्वीचा फोटो मागवला, वाकडेपणा तेवढाच.

"काय करायचं सुटलं तुमचं?"

बाई नवऱ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "काही नाही. दर वर्षी म्हैसूरला चामुंडीच्या टेकडीच्या हजार पायऱ्या चढते. हे निम्म्यात बसतात."

डॉक्टर नवऱ्याकडे वळले. "सर, ऑपरेशन बेडा, नको. तुमचा व्यायाम मात्र चालू करूया."

तक्रार झाली. मोठे साहेब म्हणाले, या माणसाची सुरी गंजलीय. इस्पितळात ते सर्वतोमुखी झालं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटू लागलं होतं. सर्जन म्हणवायचं आणि येईल त्याला घरी पाठवायचं, हे कसलं डोंबलाचं सर्जन! डॉक्टरांना हे कळलं, तेव्हा वन-बाय-टू कॉफीतला अर्धा पेला माझ्याकडे सरकवत म्हणाले, "फोटो बघून कापायचं, तर ते काम फोटोग्राफरला द्या की."

आणि मग चिकपेटेच्या बाजारातले मराठी शिंपीअण्णा आले.

म्हणजे आले तेव्हा मला त्यांचं डोकंच आधी दिसलं. चाळिशीचा माणूस, पण कंबरेतून असा वाकलेला, की जमिनीवर पडलेली टाचणी शोधतोय असं वाटावं. संधिवाताची एक जात असते. विशीत सुरू होते, एकेक मणका शेजारच्याला चिकटत जातो आणि शेवटी सगळ्या पाठीचा एकच दांडा होतो. दुखायचं थांबतं, पण तोवर माणूस ज्या कोनात असेल त्या कोनात कायमचा राहतो. अण्णा ज्या कोनात गोठले, तो शिवणाच्या मशीनचा होता. नजर पावलांपुढे दोन हात, त्याच्या वर काही नाही. माणसं ते चपलांवरून ओळखत. माझ्या चपला बघून म्हणाले, "नवीन बाई आहेत. पुण्याच्या काय? तिकडचे अंगठे असे असतात."

मागून त्यांची बायको आली, गळ्यात टेप अडकवलेली. तिला मी वैनी म्हणू लागले. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

"काय करायचं सुटलं, अण्णा?"

"कापड दिसतंय, सायेब. कापतोय, शिवतोय. पर माप घेता येईना. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं, तर मला कमरेपत्तुर दिसतंय. खांदा दिसत नाही, कॉलर दिसत नाही. वरचं माप ही घेतीय आणि मला ओरडून सांगतीय."

"मग चाललंय की."

वैनींनी पदर ओढला आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या, "परक्या पुरुषाच्या मानेला हात कसा लावायचा, सायेब? मी लांबूनच अंदाज करते. कमी पडायला नको म्हणून जास्तच सांगते."

मी डॉक्टरांच्या कॉलरकडे पाहिलं. तीन वर्षांचं कोडं एका क्षणात सुटलं. डॉक्टरांचे शर्ट हेच अण्णा शिवत होते! या गृहस्थांनी वर्षानुवर्षं ढगळ कॉलरी घातल्या, त्या बाईला एका शब्दाने बोलले नाहीत. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं.

"गिऱ्हाईक कमी होतंय," अण्णा म्हणाले. "म्हणतात, अण्णाकडे शिवलं की गळ्यात पोतं. सायेब, मला आभाळ नको, लोकांची तोंडंही नकोत. फकस्त कॉलर दिसली पायजे."

मोठ्या साहेबांनी एक्स-रे पाहिला आणि फाइल मिटली. हा दांडा मोडायचा म्हणजे कंबरेखालचं लुळं पडण्याचा धोका, पुढची मोठी रक्तवाहिनी फाटण्याचा धोका. माणूस चालतोय, खातोय, शिवतोय. पट्टा द्या आणि सोडा. मी मनातून साहेबांच्या बाजूची होते. आणि सुरी गंजलेले आमचे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हे पाडतं वाकडं. मी करतो."

हे ऑपरेशन त्यांनी विलायतेत दोनदा पाहिलं होतं. स्वतः एकदाही केलं नव्हतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस डॉक्टर इस्पितळापेक्षा चिकपेटेतच जास्त. अण्णांच्या स्टुलावर बसून मान वाकवून काय दिसतं, ते पाहत. कापायच्या टेबलाची उंची मोजत. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना वाटे, हा नवा शिंपी कोण? मग त्यांनी अण्णांना भिंतीकडे कूस करून उभं केलं, दुसऱ्या बाजूला दिवा ठेवला आणि खाकी कागदावर त्यांच्या सावलीची रेघ मारली. तो खाका कापून टेबलावर ठेवला.

"अण्णा, ब्लाउजला टक्स घालता ना? तसा मी तुमच्या पाठीला घालणार. मागून हाडाची पाचर काढायची, मिटवायची. वरचा भाग मागे येईल."

अण्णांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत कोणा डॉक्टरने त्यांच्या भाषेत त्यांना काही सांगितलं नव्हतं. कागदाच्या माणसाच्या कंबरेवर डॉक्टरांनी एका बोटाची पाचर आखली, मिटवली; कागदाचा माणूस वर उठला, नजरेची रेघ समोरच्या गिऱ्हाइकाच्या कॉलरवर गेली. डॉक्टर खुशीत. मीही. अण्णांनी मात्र तो कागद उलटसुलट पाहिला आणि कात्री खाली ठेवली.

"माप चुकलंय, सायेब."

"कुठं?"

"हे धोतर बघा. मी घोट्याच्या वर नेसतो. ह्यात ते जमिनीला लोळतंय. माणूस आखूड झाल्याशिवाय कापड लांब होत नाही. माझे गुडघे वाकले होते."

दिवसातून वीस वेळा "गुडघे!" म्हणून ओरडणारे डॉक्टर! अण्णांना अवघडल्यासारखं होईल म्हणून त्यांनी धोतर सोडायला सांगितलं नव्हतं, आणि धोतराच्या आत गुडघ्यांनी चोरी केली होती. एक्स-रेही तसाच निघालेला. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. मग मोठ्यांदा हसत सुटले, एवढे की वैनी आतून बघायला आल्या.

"अक्का, बघा. मी पंधरा वर्षं ओरडतोय, आणि पकडलं कोणी? शिंप्यानं!"

नव्याने खाका काढला, अर्धी चड्डी घालून, गुडघे सरळ. आता अण्णा आणखी पुढे वाकलेले निघाले. एका बोटाचा टक्स पुरेना; दोन बोटं लागली. अण्णांनी कागद बोटांत धरून मिटवला, उघडला, मिटवला.

"सायेब, मागून दोन बोटं घेतली तर पुढून ताणतंय. असा टक्स घेतला की ब्लाउज पुढे उसवतोय."

डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. पुढून काय उसवेल, ते आम्हा दोघांना माहीत होतं. पोटातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी तिथेच असते. शाळेची चौथी पायरी न चढलेल्या माणसाने खाकी कागदाच्या तुकड्यावर ते शोधून काढलं होतं.

"दीड बोट," डॉक्टर शेवटी म्हणाले. "त्याच्या वर नाही. पण मग कॉलर दिसणार नाही, अण्णा. छातीचं बटण दिसेल."

अण्णा दाराकडे वळले. चिकपेटेतली दुकानं रस्त्यापासून उंच असतात, दोन पायऱ्या चढून जावं लागतं. ते त्या पायऱ्यांकडे बघत राहिले. त्यांना तेवढंच दिसत होतं.

"आता गिऱ्हाईक खालच्या पायरीवर उभं केलं तरी मला छातीपत्तुर दिसतंय," ते म्हणाले. "तुमी दीड बोट घ्या. राहिलेलं वाकडं पायरीला देऊया."

माझ्या सगळ्या नोकरीत मी उपचारांची पुष्कळ चर्चा ऐकली, परदेशातून आलेल्यांचीही ऐकली. किती कापायचं आणि किती सोडून द्यायचं, हे इतकं नेमकं मी पुन्हा ऐकलं नाही.

ऑपरेशन भूल न देता, फक्त पाठ बधिर करून करायचं होतं. पेशंट जागा हवा, म्हणजे पाय लुळे पडू लागले तर लगेच कळेल. अण्णा कुशीवर. माझं काम त्यांची पावलं धरून बसायचं. मोठे साहेब हात मागे बांधून दारात उभे. त्यांनी परवानगी दिली होती, पण तोंडावर तशी काही खूण नव्हती.

"अण्णा, बोलत राहा," डॉक्टर म्हणाले.

"काय बोलू?"

"मापं सांगा."

छिन्नीचे ठोके सुरू झाले आणि अण्णा त्या पांढऱ्या खोलीत अख्ख्या चिकपेटेची मापं सांगू लागले. छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही साडेतेवीस. कॉलरपाशी आले की थांबत. दीड तास गेला. मग डॉक्टरांनी खूण केली, दोघांनी अण्णांचे खांदे आणि मांड्या धरल्या आणि हळूहळू मागे नेऊ लागले. एवढ्यात वाळलेली काठी मोडावी तसा आवाज झाला. अण्णांचं बोलणं मधेच तुटलं. माझ्या हातातली पावलं थंड पडली होती, आणि मला देवाचं एक नाव आठवेना.

"अण्णा," डॉक्टर म्हणाले. आवाज नेहमीचा. "अंगठा."

माझ्या तळहातात अण्णांचा अंगठा हलला. मग दुसरा. मी ओरडलेच. काय ओरडले, ते आठवत नाही. नर्स पुढे वर्षभर मला चिडवत होत्या.

"बाही साडेतेवीस," अण्णांनी राहिलेलं माप पुरं केलं.

मोठे साहेब दारातून आत आले, डॉक्टरांच्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, "टाके मी घालतो. तुम्ही बसा." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी मी कोणाला मिळालेली पाहिली नाही.

सहा महिने प्लास्टर. अण्णांनी खाटेवर पडून वॉर्डातल्या सगळ्यांच्या सदऱ्यांना काजं केली. मी त्यांना उभं राहायला, चालायला शिकवलं. ज्या दिवशी प्लास्टर निघालं, त्या दिवशी डॉक्टरांनी ओळंबा सोडला. तो अजून चार बोटं पुढेच पडत होता. मला जरा वाईट वाटलं. डॉक्टर म्हणाले, "सरी. तेवढं पायरीचं आहे."

महिन्याभराने आम्ही चिकपेटेत गेलो. अण्णांनी नवा शर्ट शिवायचा म्हणून बोलावलं होतं. ते दुकानाच्या उंबऱ्यात उभे, थोडे वाकलेले, पण उभे. डॉक्टर खालच्या पायरीवर. रस्त्यावर गर्दी जमली. फुलवाली, शेजारचा भांडीवाला, टांगेवाला, सगळे आपापलं काम सोडून आले. वैनी सवयीने टेप घेऊन पुढे आल्या, मग थबकल्या आणि त्यांनी टेप नवऱ्याच्या हातात दिला.

अण्णांनी टेप डॉक्टरांच्या मानेभोवती घातला. आणि एकदम थांबले.

"सायेब," ते म्हणाले, "गुडघे."

अण्णांना सोपं जावं म्हणून डॉक्टरांनी त्या दिवशी नेसलेल्या पांढऱ्या धोतराच्या आत गुडघे हळूच वाकवले होते. धोतर पायरीवर लोळत होतं. सगळी गल्ली हसली. डॉक्टर लाजले, माझ्याकडे चोरून पाहिलं आणि पुरते ताठ उभे राहिले.

अण्णांनी नजर उचलली. टेप जुळवला. मग एवढ्या वर्षांत बायकोच्या तोंडून ऐकलेला शब्द स्वतःच्या आवाजात, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा ओरडले:

"कॉलर! साडेचौदा!"